तुरीच्या पोत्यातलं कवठ

सासूबाईंनी अंगणात कवठाचं झाड लावलं, तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. पुढं मी या घरात आले, माझी पोरगी कॉलेजात गेली, तरी झाडाला काट्यांशिवाय काही लागेना. आमचे हे दर वर्षी कुऱ्हाड शोधायचे आणि सासूबाई दर वर्षी ती लपवून ठेवायच्या.

यंदा मात्र झाडानं त्यांची लाज राखली. तीन कवठं धरली. दोन वानरांनी पळवली. तिसरं सासूबाईंनी उतरवून घेतलं आणि जमिनीवर आपटून पाहिलं, तर ते टुणकन उसळलं. म्हणजे कच्चं. आता हे पिकवायचं, शिवरात्रीच्या उपासाला गूळ-जिरं घालून चटणी करायची आणि पहिलं बोट आपण चाटायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. पिकत घालायचं काम माझ्याकडं आलं.

मी पडले अतिशहाणी. कुणाच्या हाती लागू नये म्हणून कवठ तुरीच्या पोत्यात खोल खुपसलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी काढायला गेले, तर पोतीच जागेवर नाहीत. हे सकाळीच सगळी तूर टेम्पोत घालून सेनगावच्या मोंढ्यावर विकायला गेले होते. फोन लावला, तर उचलायला तयार नाहीत.

संध्याकाळी हे मान खाली घालून घरात आले. पोतं ओतलं तसं कवठ गडगडत बाहेर आलं म्हणे. ते आपल्याच घरचं, हे ह्यांच्या ध्यानात येईपर्यंत हमालानं फोडलं, व्यापाऱ्यानं गूळ मागवला आणि सगळ्यांनी मिळून फस्त केलं. आपण हातसुद्धा लावला नाही, असं हे शपथेवर सांगायला लागले. कवठाच्या रिकाम्या वाट्या तेवढ्या रुमालात बांधून आणल्या होत्या. मला ह्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

सासूबाई मात्र शांत. सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "कसं होतं रे?"

"आधी आंबट, मंग गोड. अन् वास तर, माय..." हे डोळे मिटून बोलून गेले आणि लगेच ह्यांनी जीभ चावली.

सासूबाईंनी वाट्यांच्या तळाला चिकटलेला गर चमच्यानं खरवडून झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याची चटणी झाली ती इवलीशी. पहिलं बोट त्यांनी चाटलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. दुसरं मला दिलं, तिसरं पोरीला. ह्यांनीही आशेनं हात पुढं केला.

"तुझी शिवरात्र काल झाली," सासूबाई म्हणाल्या आणि वाट्या घासायला ह्यांच्याच हातात दिल्या.