वरच्या माळाची आंबील

आमच्या डोंगरपट्ट्यात बहिणीचा हिस्सा एका साडीत बसतो. साडी, चोळीचा खण, नारळ आणि रजिस्ट्री कचेरीसमोरच्या हॉटेलात भजी-जिलेबी. बहीण जिलेबी खाते, सही करते आणि डोळ्याला पदर लावून एसटीत बसते. याला हक्कसोड म्हणतात. बायका म्हणतात, "माहेरासाठी सोडलं." ज्यांना मिळालं ते पुरुष काहीच म्हणत नाहीत. मला या रिवाजाचा राग लहानपणापासून आहे. वय झालं की राग निवतो असं लोक सांगतात, माझा अजून तरी निवलेला नाही.

माझं माहेर बालाघाटाच्या माथ्यावर आहे. घाट चढला की काळी जमीन मागं राहते आणि मुरूम सुरू होतो. गावाच्या एका अंगाला आमचं ज्वारीचं रान, आणि त्याला लागून वर चढत गेलेला माळ. माळावर हुलगे पेरले तर पेरले, नाहीतर नुसतं कुसळ. वडील म्हणायचे, हे रान चोरानं नेलं तरी दुसऱ्या दिवशी परत आणून देईल. तिथं एकच गोष्ट भरपूर होती, ती म्हणजे वारा. रास उफणायला तो बरा पडायचा, एरवी बायकांचे पदर आणि चुलीतला जाळ दोन्ही उडवायचा. त्या वाऱ्याला कुणी कधी मोल दिलं नाही.

मग पवनचक्क्यावाले आले. पांढऱ्या जीपगाड्या घाटातून वर यायला लागल्या आणि ज्या माळाकडं कुत्रं फिरकत नव्हतं तिथं माणसं मोजपट्ट्या घेऊन हिंडायला लागली. वडील त्याआधीच गेले होते. तलाठ्यानं वारस म्हणून सातबाऱ्यावर भावाच्या नावाखाली माझंही नाव चढवलं होतं. भावानं तिकडं कधी लक्ष दिलं नाही, कारण बहिणीचं नाव म्हणजे बांधावरची बोर, असली काय न् नसली काय. दलालानं कागद बघितले आणि त्याला सांगितलं की बहिणीची सही लागेल. तेव्हा त्याला मी आठवले.

मी कळंबला राहते. माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, परकर, पिको-फॉल. सगळा दिवस कापडात जातो, त्यामुळं कापडाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही.

भाऊ स्वतः आला नाही. त्यानं चुलतीला पाठवलं. चुलती विधवा, पोटी मूलबाळ नाही, भावाच्या घराला लागूनच्या खोलीत राहते आणि तिची भाकरी भावाच्या चुलीवरून येते. दुकानातल्या स्टुलावर ती मांडीवर गुलाबी पिशवी धरून बसली आणि शिकवून पाठवल्यासारखं बोलली. भाऊ एकुलता आहे, उद्या दुखलंखुपलं तर माहेरच धावून येतं, लोक हसतील असं वागू नये. बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीवरच्या दोऱ्यांच्या रिळांकडं बघत होती.

मी पिशवीतली साडी काढली. गुलाबी, पॉलिस्टरची, बोट फिरवलं की सळसळणारी, पदराचे दोरे आत्ताच सुटायला लागलेले. असल्या साड्या लग्नात आहेरात येतात आणि पुढच्या लग्नात आहेरात जातात. भावजयीनं कपाटातल्या ढिगातून खालची काढलेली असणार. माझ्या बापाच्या रानातला माझा वाटा, आणि त्यावर हे चिंधूक. मला इतका संताप आला की कात्री हातात होती ती मी बाजूला ठेवली.

मी चुलतीला आईची आठवण करून दिली. आईनंही तिच्या माहेरी सही केली होती. तिला हिरवी साडी मिळाली होती. सही झाल्यावर मामानं तिला येळवशीच्या सणाला दोनदा बोलावलं, पुढं बोलवायचा बंद झाला. आई जाईपर्यंत दर येळवशीच्या सकाळी दारात उभी राहायची आणि घाटाच्या वाटेकडं बघायची, कुणी न्यायला येतंय का म्हणून. ती हिरवी साडी शेवटी वाकळेत गेली. त्या वाकळेत मी झोपले आहे. तिला ऊब नव्हती. म्हणून मला कुणी सांगू नये की सही केली म्हणजे माहेर टिकतं.

चुलती उठली. साडी मात्र तिथंच ठेवली. परत नेली तर भाऊ तिलाच बोलेल, एवढंच म्हणाली. तिचं बरोबर होतं, म्हणून मी साडी ठेवून घेतली.

मग भाऊ आला. दुकानात माप द्यायला आलेल्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत तो दारात उभा राहिला, चप्पलसुद्धा काढली नाही. म्हणाला, गावातल्या समद्या बहिणींनी सह्या दिल्या, तूच एक राहिलीस. मी त्याला सरळ सांगितलं. खालचं ज्वारीचं रान सगळं तुझं, त्यातलं मला ढेकूळही नको, तिथली सही आज देते. वरचा माळ माझ्या नावावर कर.

तो हसला. माळच तर पाहिजे त्यांना, म्हणाला.

मला ते ठाऊक होतं. मला वाऱ्याचा पैसा हवा होता का? हवा होता. का नको असावा? पण त्याहून मला एक जागा हवी होती, जिथं जायला कुणाच्या बोलावण्याची वाट बघावी लागणार नाही. आईसारखं दारात उभं राहायचं नव्हतं. हे मी त्याला सांगितलं नाही, त्याला कळलं नसतं. मी फक्त नाही म्हणाले.

"मग आजपास्नं मला बहीण न्हाय," तो म्हणाला. "येळवशीला रानात कशी येतीस ते बघतो."

तो गेल्यावर बायका एकदम ब्लाऊजच्या गळ्याबद्दल बोलायला लागल्या. घरी आमचे हे म्हणाले, सोडून दे, भाऊ तुटेल. हे भले माणूस आहेत. भली माणसं नेहमी बायकांनाच सोडायला सांगतात.

येळवस म्हणजे आमची वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या भागाबाहेरच्या लोकांना ती ठाऊक नसते आणि आम्हाला तिच्यापुढं दिवाळी फिकी वाटते. त्या दिवशी कळंबची बाजारपेठ ओस पडते, एसटी रिकामी धावते. सगळी माणसं रानात. ज्वारीच्या कडब्याची कोप म्हणजे खोपटं करतात, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांची पूजा करतात. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि ज्वारीचं पीठ ताकात चार दिवस आंबवून केलेली आंबील. रानात येईल त्याला जेवू घालायचं, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं. त्या दिवशी दुष्मनालाही पानावरून उठवत नाहीत.

जेवणाआधी फेरी असते. घरधनी आंबिलीचं बिंदगं म्हणजे लहान मडकं घेऊन रानाच्या कडेकडेनं निघतो, कडुलिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडतो आणि "ओलगे ओलगे" असं ओरडतो. मागचा "सालम पोलगे" म्हणून साथ देतो. अर्थ विचाराल तर म्हातारेही सांगू शकत नाहीत, कानडी असावं म्हणतात. पण जिथवर आंबील पडली तिथवर रान आपलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. फेरी एकट्यानं धरत नाहीत. मागं माणूस लागतं, तेही त्याच घरातलं. जावई, पाहुणा चालत नाही.

त्या वर्षी भावाचा फोन आला नाही. मी घरातच बिंदगं आणून चुना-काव लावली आणि आंबील घातली. येळवशीच्या सकाळी ती गुलाबी साडी घेतली, टर्रकन फाडली, आणि तिच्या तुकड्यानं बिंदग्याचं तोंड बांधलं. यांना म्हटलं, स्कूटर काढा. यांनी बिंदग्याकडं बघितलं आणि निमूट स्कूटर काढली.

वर पोचलो तर आमच्या रानाचं रूप बदललेलं. सही व्हायच्या आधीच पवनचक्कीवाल्यांनी रस्त्याचं काम सुरू केलं होतं. ज्वारीचं रान आणि माळ यांच्यामध्ये जेसीबीनं चर काढला होता आणि मुरमाचे ढीग टाकले होते. खाली कोपीसमोर घोंगड्या अंथरल्या होत्या. मधल्या जागेवर, जिथं वडील बसायचे, तिथं दलाल बसला होता.

मला बघून भावानं तोंड फिरवलं, पण हाकलता येईना. येळवस होती. भावजयीची नजर आधी माझ्यावर आणि मग बिंदग्याच्या तोंडावर गेली. तिनं आपली साडी ओळखली. तिचा चेहरा बघून मला जे समाधान वाटलं ते मी लपवणार नाही.

फेरी निघाली. भाऊ नवा पांढरा सदरा घालून पुढं, त्याचा पोरगा मागं. ज्वारीच्या कडेनं ते गेले, खालचा बांध झाला, ओढ्याकडची बाजू झाली, आणि चराशी येऊन भाऊ थांबला. चर ओलांडायचा तर मुरमाच्या ढिगावरून घसरत जावं लागलं असतं. दलाल जेवणाची वाट बघत बसला होता. भावानं चराकडं बघितलं, सदऱ्याकडं बघितलं आणि परत फिरला.

शेजारच्या रानातले एक म्हातारे बांधावरून म्हणाले, "वरचं राह्यलं की रं."

"ते आता कंपनीचं," भाऊ मोठ्यानं म्हणाला. दलालाला ऐकू जावं म्हणूनच. "तिथं कशाला आंबील सांडायची?"

माळ कितीही नापीक असला तरी आमच्या घरानं त्याची फेरी कधी चुकवली नव्हती. पाऊस पडला नाही त्या वर्षीही वडील वर जाऊन आले होते. आपल्या तोंडानं, येळवशीच्या दिवशी, शेजाऱ्यादेखत भावानं ते रान टाकलं होतं. कचेरीत माझ्याकडून जे सोडवून घ्यायचं होतं ते त्यानं बांधावर स्वतःच सोडलं.

मी बिंदगं उचललं. गुलाबी फडकं सोडून कंबरेला खोचलं, कडुलिंबाची डहाळी मोडून घेतली आणि ज्वारीतून वर निघाले. बाई फेरीला जात नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चरात उतरताना पाय घसरला, गुडघा फुटला, आंबील अंगावर सांडली. पलीकडं चढले, पहिली आंबील शिंपडली आणि ओरडले, "ओलगे ओलगे."

साथ आली नाही. वाऱ्यानं माझाच आवाज माझ्या तोंडावर आणून टाकला. खालून कुणीतरी हसलं. भाऊ ओरडून म्हणाला, "मागं कोण हाय तुझ्या? एकटीची फेरी कुनी धरत न्हाय." आमचे हे उठायला लागले, पण ते जावई. मी हातानंच त्यांना बसा म्हणाले. मी पुढं चालत राहिले. दुसऱ्यांदा ओरडले, तिसऱ्यांदा ओरडले.

मग मागं खडे घसरल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर चुलती. चपला हातात धरून, दुसऱ्या हातानं मुरमाला धरत ती चर चढत होती. खालून भाऊ तिला हाका मारत होता, काकू, खाली या, काकू, पान वाढलंय. तिनं मान वळवली नाही. माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

मी म्हटलं, "काकू, उद्या तुम्हाला भाकर कोण देईल?"

"म्या सही दिली तवा माझ्या मागं कोनीच न्हवतं," ती म्हणाली. "तू चल म्होरं. वरड."

मी ओरडले. तिनं साथ दिली. तिचा आवाज चिरका आणि इतका मोठा होता की खालच्या घोंगडीवरची माणसं उभी राहून बघायला लागली. आम्ही माळाची सगळी कड फिरलो. कुसळं लुगड्यांना चिकटली, बिंदगं रिकामं झालं, तरी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ती डहाळी झटकत झटकत मी नेली.

खाली आलो तेव्हा बांधावरच्या म्हाताऱ्यांनी टोपी सारखी केली आणि आपल्या रानाकडं निघून गेले. पण गावात त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं असावं, कारण दलाल पुन्हा आला तो भावाकडं नाही, माझ्या दुकानात आला. मी त्याला उभ्याउभ्याच परत पाठवलं. आधी माळ माझ्या एकटीच्या नावावर, मग बोलणं. चर अजून तसाच आहे, चक्की उभी राहिलेली नाही, आणि भावानं माझ्याशी बोलणं टाकलं आहे.

चुलतीचं पान भावजयीनं त्याच संध्याकाळी बंद केलं. ती आता माझ्याकडं असते. दुकानात त्याच स्टुलावर बसून काज-बटणं करते. परवा उरलेली गुलाबी साडी दिसली तिला, फळीवर. हातात घेऊन तिनं ती उलटीसुलटी केली आणि म्हणाली, मला दिलेलीबी अशीच होती, निळी. मग सुईत दोरा ओवून पुढचं बटण लावायला घेतलं.