बैलाचा सोमवार आणि बाबांचा

परवा सोमवारी मालाडला भाचीकडे गेले होते. तिच्या गॅलरीतून खाली पाहिलं आणि हसूच आलं... जिथे आता गाड्यांचं पार्किंग आहे ना, साधारण तिथेच आमची विहीर होती.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. बाबा कोकणातून आले ते गिरणीत न जाता इथे भाजीची वाडी करायला लागले. वांगी, मुळा, माठ, वालाच्या शेंगा... विहिरीवर रहाट आणि तो फिरवायला आमचा एकुलता एक बैल, सोन्या.

गावची रीत बाबांनी इथेही सोडली नव्हती. सोमवारी बैलाला जुंपायचं नाही म्हणजे नाही! सोन्या चिंचेखाली रवंथ करत पडायचा, अगदी जावयाच्या थाटात.

पण भाजीला कुठे सोमवार कळतो? मग बाबा स्वतः पोहऱ्याने पाणी शेंदायचे आणि डबे भरभरून अख्ख्या वाडीला घालायचे. मंगळवारी त्यांना धड उभंही राहता येत नसे. मी पाठीवर पाय देऊन उभी राहिले की मग कुठे जरा सरळ व्हायचे.

एका सोमवारी पाणी शेंदताना पाठीत अशी कळ आली की ते विहिरीच्या काठावर मटकन बसले. जरा तोल गेला असता तर आतच... आई पांढरीफटक पडली होती.

पुढच्या सोमवारी पोहऱ्याचा दोर गायब! बाबांनी घर पालथं घातलं. आई मात्र शांतपणे वाल सोलत बसली होती... त्याच दोराच्या वेटोळ्यावर.

"बैलाक सोमवार, मगे तुमका कधी?" ती म्हणाली. "तुमची पाट गेली तर वाडी कोण बघतलो?"

"अगो, भाजी सुकतली!"

"एका दिसात सुकाची नाय. काल सांजेक रहाट जास्ती फिरवन घेतलंय मी."

आईने बाबांच्या पाठीला कोमट तेल चोळलं, कढत पाण्याने आंघोळ घातली आणि सोन्याशेजारी चिंचेखाली घोंगडी पसरून दिली. बाबा फुगून बसले होते.

दुपारी मी तिकडे गेले तर बाबा आडवे, डोळे मिटलेले, अजिबात हालचाल नाही. दिवसाउजेडी त्यांना झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं हो... मी किंचाळत आईकडे धावले.

आई पळत आली. त्यांची छाती वरखाली होताना पाहिली आणि माझं तोंडच दाबलं. "गप रव! झोपांदेत तेंका."

मग ती पदराने त्यांच्यावरच्या माश्या वारत कितीतरी वेळ तिथेच बसली. डोळे पुसत होती आणि हसतही होती.

त्यानंतर आमच्या वाडीत सोमवारी दोघांना सुट्टी असायची. त्या दोरावर ठाण मांडून बसलेल्या माझ्या आईचे उपकार कसे फेडायचे, सांगा...

आणि बाबा झोपेत इतके तरुण दिसतात, हे मला त्या दुपारपर्यंत माहीतच नव्हतं.