पुण्याची पाहुणी आणि मोठीवाली बादली

रिकामा मिक्सर सारखा फिरवला तर जळतो, हे मला आमच्या रेवाच्या लग्नाच्या बोलण्यांत कळलं.

झाशीत मराठी घरं मोजकी. त्यामुळे स्थळं लांबून येतात, आणि लांबची माणसं आधी गुपचूप चौकशी करतात. यात वावगं काही नाही. माझ्या आत्याच्या वेळी आमचे आजोबा विजेचं मीटर बघायच्या निमित्तानं मुलाच्या घरात शिरले होते (आणि चहा येईपर्यंत मीटरच बघत बसले!). रेवाला पुण्याचं स्थळ आलं. माणसं चांगली, मुलगा चांगला, रेवालाही पसंत. त्यांचं म्हणणं एकच, मुलीला मराठी नीट यायला हवं. मी बायोडाटात 'अस्खलित मराठी' ठोकून दिलं. आणि त्याच आठवड्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला! मी काय ते समजलो.

"काका, मी केतकी. भाषाशास्त्रात संशोधन करते. तुमच्या घरी मराठी कशी बोलतात ते रेकॉर्ड करायचंय. माझा विषय नामपदबंध."

"म्हणजे?"

"आपण नुसती 'बादली' न म्हणता 'ती मोठी लाल बादली' म्हणतो ना, तसे शब्दांचे गट. दुसरी भाषा शिकणारी माणसं ते कसे जुळवतात, हे बघतेय."

बादल्यांसाठी पुण्याहून झाशी! मला काय दूधखुळा समजली?

"अहो, असेल खरंच संशोधन," सुधा म्हणाली. माझी बायको सांगलीची, त्यामुळे विश्वासू.

"संशोधन! 'सुंदर, सुशील, गृहकृत्यदक्ष मुलगी' हा कुठला गट मग? तोच तपासायला येतेय ती!"

अडचण रेवाची होती. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना दर दोन शब्दांना हिंदी येऊन मांडी ठोकून बसते.

"बाबा, टेन्शन काहे का? मी सांभाळून घेईन ना."

"हेच! हेच बोलायचं नाही!"

शेवटी मी तोड काढली. रेवाच्या तोंडून हिंदी निघालं रे निघालं की स्वयंपाकघरात सुधानं मिक्सर सुरू करायचा. सुधानं कपाळाला हात लावला, पण तयार झाली.

रविवारी केतकी आली. गोड बोलणारी, साधी. (अशीच माणसं पाठवतात!) तिनं टीपॉयवर रेकॉर्डर ठेवला आणि एक चित्र पुढे केलं. एक मोठा आंबा ताटात, एक लहान आंबा ताटाबाहेर.

"काका, ताटात कोणता आंबा आहे?"

मी सावध झालो. हावरटपणा बघताहेत!

"मोठा आंबा सासूबाईंचा," मी ठामपणे म्हणालो. "लहानसुद्धा त्यांचाच. आमची रेवा कोय चोखेल."

केतकीनं रेकॉर्डरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसऱ्या चित्रात एक म्हातारी खुर्चीत आणि एक तरुण मुलगी उभी.

"यातलं कोण बसलंय?"

"कोण म्हणजे? वडीलधाऱ्यांसमोर आमच्या घरच्या मुली कधी बसत नाहीत!"

तेवढ्यात रेवा चहा घेऊन आली आणि केतकीशेजारी मांडी घालून ऐसपैस बसली.

"रेवा, मी यातली कुठली बादली उचलू, सांग बरं?"

"ती लालवाली, मोठीवाली..."

घर्रर्र!

"काय म्हणालीस?"

"अरे, ती कोने में..."

घर्रर्र!

"काकू काय वाटताहेत?" केतकीनं ओरडून विचारलं.

"चटणी!" मीही ओरडलो.

"एवढी?"

"आमच्याकडे पाहुणचार भरपूर असतो!"

बादल्या संपेनात आणि रेवा थांबेना. मग आधी वास आला, मग धूर आला आणि मग सुधाची किंकाळी आली. मी ओरडतच स्वयंपाकघराकडे धावलो.

"अरे यार, प्लग निकालो! पहले बटन बंद करो! काए, सुनत नईं का? हो गया सत्यानाश!"

परत आलो तर केतकी भराभरा लिहीत होती आणि रेकॉर्डरचा लाल दिवा चालूच होता. मी हात जोडले.

"देखिए मैडम, लड़केवालों को मत बताइएगा. लड़की बहुत अच्छी है. हिंदी तो उसने मुझसे सीखी है."

"कुठले मुलाकडचे?" केतकीनं विचारलं.

रेवा हसून हसून सोफ्यावरून खाली आली. तिनं सगळा उलगडा केला. केतकी बिचारी रडवेली झाली. "काका, मला खरंच फक्त बादल्याच हव्या होत्या हो!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेवानं मात्र डोळे पुसले आणि सरळ मुलाच्या आईला फोन लावला.

"काकू, मला मराठी पूरी समजते, पण बोलताना हिंदी घुसते. बायोडाटात बाबांनी लंबी फेकलीय. आता तुम्ही सांगा."

आणि तिनं फोन स्पीकरवर टाकला. एवढं चांगलं स्थळ माझ्या एका शब्दापायी जातंय, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला. मग आवाज आला, "अगं, घुसू दे. आमचा मुलगा तर कुठल्याच भाषेत तोंड उघडत नाही! घरात बोलणारं कुणीतरी हवंच आहे."

मी देवाला हात जोडले. सुधानं, सवयीनं, मिक्सरला.

निघताना केतकी म्हणाली, "रेवाचं मराठी छान आहे. आईकडून घरात शिकलेलं. तिला मी मातृभाषावाल्या गटात घालते."

"मग मीही त्यातच ना? आमचं घराणं पेशव्यांच्या काळापासून..."

"नाही काका." ती हळूच म्हणाली. "मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांचा वेगळा गट आहे. त्यात मला वयस्कर माणूस मिळतच नव्हता!"

तेव्हा हा लेख वाचून कुणाला माझ्या मराठीचं कौतुक करावंसं वाटलंच, तर ते सुधाचं करावं. मी तो हिंदीत लिहून दिला होता!