तीन शब्द लक्षात ठेवा

मेंदूवर काम करणाऱ्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये रिपोर्टपेक्षा किस्सेच जास्त साठतात. रिपोर्ट निदान फायलीत बसतात. किस्से चहाच्या वेळी बाहेर येतात आणि चहा निवला तरी संपत नाहीत. उतारवयात स्मरणशक्ती नि वागणं कसं बदलतं ते आम्ही तपासतो. खरं तर रत्नागिरीची म्हातारी माणसंच आम्हाला तपासून जातात.

*

डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायचा, म्हणून फोनवर बजावलं होतं, तेल लावू नका. लांज्याच्या काकू चापूनचोपून तेल लावून हजर.

"परक्यांत डोकं दाखवायचं, नि ते काय भुरभुरीत?"

शेवटी मीच त्यांचं डोकं धुतलं. "आई गेल्यावर पहिल्यांदाच कोणी न्हाऊ घातलं," काकू म्हणाल्या. त्या दिवशी आलेख फार शांत आला.

*

आमच्या मॅडम पुण्याच्या. त्यांचा पहिला प्रश्न, आज तारीख काय?

एक खलाशी आजोबा म्हणाले, "अष्टमी. भांगाची भरती, पाणी जास्त चढायचं नाय."

मॅडमनी शून्य दिलं. मग कॅलेंडर बघितलं, तर आमच्याच भिंतीवर मागच्या महिन्याचं पान! मॅडमनी पान उलटलं, खरंच अष्टमी होती. त्यांनी शून्य खोडलं.

*

तीन शब्द सांगायचे आणि पाच मिनिटांनी विचारायचे, अशी एक टेस्ट आहे. एक मावशी आत येऊन बसल्या आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आंबा, होडी, दिवा."

आधीच्या बाईंनी बाहेर बाकावर शिकवणी घेतली होती.

"मेंदू चांगला आहे," मॅडम म्हणाल्या, "पण शेजारीण त्याहून चांगली आहे."

*

मांडवीचे तात्या म्हणजे होडी चालवणारे जुने तांडेल. ते बायकोला, काशीबाईंना, घेऊन यायचे. काशीबाई सगळं विसरत चालल्या होत्या. घरात तात्यांनाच "पाव्हणे" म्हणायच्या. तात्यांचं एकच मागणं, "मला ओळखते की नाय, तेवढं सांगा." तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नसे.

फोटो ओळखायची टेस्ट घेतली. मुलाचा फोटो ओळखला नाही, सुनेचाही नाही. मग तात्यांचा तरुणपणीचा दाखवला, होडीवर उभे असतानाचा. काशीबाईंनी तो हातात घेऊन पदरानं पुसला.

"हे आले नाय अजून? वारा सुटलाय."

मी पेन फॉर्मवर टेकवलं. याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

दाराशी बसलेले तात्या उठले. "आलो गो."

काशीबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मग हातपाय धुवा. वाढत्ये मी."

तात्या निमूटपणे बेसिनकडे गेले.