बाईची दोरीवाली मशीन

फोन मंडपवाल्या गजाननचा होता. बाई लॉनमध्येच गेल्या, गवत कापायची मशीन बाहेर काढलेली होती, एवढंच तो बोलला. चंद्रपूरहून वरोऱ्याला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही, राग आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, हृदय कमजोर आहे, ओढाताण करू नका. आणि माझ्या बहिणीनं शेवटी मशीनची दोरी ओढलीच! महिना उलटून गेला तरी डोक्यातून ते जात नव्हतं. जेवायला बसलो की तेच, गाडी चालवताना तेच... त्या दोरीनं तिला नेलं का?

सुमनबाई माझी थोरली बहीण. आमच्याकडची लग्नं लॉनमध्ये लागतात. भाऊजी गेल्यावर नागपूर रोडवरचं त्यांचं लॉन बाईमाणसाला झेपणार नाही, असं भावकीतले तिच्या तोंडावर बोलले. बाईनं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून गवत स्वतः कापायला लागली. मशीन भाऊजींच्या वेळची, पेट्रोलवर चालणारी. दोरी ओढायची, तेव्हा ती खोकत खोकत सुरू व्हायची. बाई एका पायानं मशीन दाबून धरायची, दोरी आधी हळूच ओढायची आणि आत अडकल्यासारखी लागली की झटका द्यायची. पदर खोचलेला, दातात ओठ. दुसऱ्या कोणाला ती दोरीला हात लावू देत नसे, पोटच्या पोरीलाही नाही.

मी जन्मभर वीज खात्यात वायरमन होतो, त्यामुळे बटनावर माझा भरवसा. तिचा खांदा धरला तेव्हा मी बॅटरीवर सुरू होणारी नवी मशीन आणून दिली. पहिला सीझन मस्त गेला. मग पावसाळाभर ती शेडमध्ये पडून राहिली आणि ऐन लग्नाच्या सकाळी बटन दाबलं तर नुसतं टकटक. बॅटरी बसली होती. मी वायरी घेऊन धावत आलो, तोवर बाईनं जुन्या मशीननं अर्धं लॉन कापूनही टाकलं होतं. बॅटरी महिन्या-पंधरा दिवसांनी चार्ज करत जा, मग दगा देणार नाही, असं मी परोपरीनं समजावलं. करायचीही ती. पण लग्नाच्या दिवशी काढायची मात्र जुनीच.

"बटन नाई चाललं तर मी काय करू, अरुन्या? त्याच्याकडं पाहत बसू? दोरी निदान ओढता तरी येते."

यावर आमची इतकी भांडणं झाली की प्रणाली, तिची मुलगी, उठून आत जायची. आणि खरं सांगतो, जुनी मशीन कधी अडलीही नाही. त्याचं कारण बाईची एक सवय. पौष लागून लग्नं थांबली की शेवटची कापणी झाल्यावर ती मशीन बंद करत नसे. पेट्रोलचा कॉक फिरवून बंद करायची आणि आतलं सगळं जळून मशीन आपणहून थांबेपर्यंत उभी राहायची. पेट्रोल आत राहिलं तर चिकट होतं, मग कितीही दोरी ओढा. तो भडभड आवाज कान किटेपर्यंत चालायचा.

माघातलं पहिलं लग्न परवावर आलं म्हणून मी गेल्या आठवड्यात वरोऱ्याला गेलो. गवत वाढलेलं, दोन्ही मशिनी शेडमध्ये. प्रणाली तिकडे फिरकतच नव्हती. माझा तोल गेला. म्हटलं, या दोरीनंच तुझ्या आईला खाल्लं, भंगारात घालतो हिला. ती माझ्याकडे बघत राहिली.

"मामा, त्या दिवशी दोरी मी ओढली. आईनंच शिकवलं. जमलं म्हणून हसली, खुर्ची घेऊन मागं बसली."

माझ्या छातीवरचा दगडच उतरला. काय सांगू, मला बरं वाटलं! पण पोरीचं संपलं नव्हतं.

"कापून झालं तर म्हणे, बंद नको करू, पेट्रोल जळू दे. मी मशीनपाशी उभी होते. थांबली तवा वळून पाह्यलं, तर आईची मान... तिनं हाक मारली असन मामा. मले ऐकूच आलं नाई."

महिनाभर मी माझा राग कुरवाळत बसलो होतो आणि ही पोर हे घेऊन फिरत होती. हाक मारली नसेल, असं तोंडावर आलं होतं. पण मी कुठं होतो तिथं? मी जुनी मशीन बाहेर ओढली, पेट्रोल सोडलं आणि दोरी खेचली. एकदा, दोनदा, पाचदा. हूं की चूं नाही.

"अशी नाई, मामा." प्रणाली शेवटी उठून आली. "पहिले हळू. अडकली का मंग झटका."

मला बाजूला करून तिनं मशीनवर पाय ठेवला. पहिल्याच झटक्यात मशीन धडधडली. मी मागं खुर्ची टाकून बसलो. ती कापत निघाली, पण सरळ जाईना. चार पावलं गेली की वळून माझ्याकडे बघायची. मी हात वर करायचो, मग पुढं जायची. सगळं लॉन होईपर्यंत आमचं हेच चाललं होतं.