चित्रकलेच्या बाईंचं पिस्तूल

माझ्या आत्याने आयुष्यात एकही वस्तू फेकली नाही आणि एकाही माणसाला थांबवून ठेवलं नाही. अमरावतीतल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात बंद पडलेलं असं काही तुम्हाला सापडायचं नाही. टेबलफॅनची पाती तिने सायकलच्या मडगार्डातून कापून काढलेली आहेत, आणि तो सुरू झाला की शेजारीपाजारी खिडक्या लावून घेतात. हिंगाच्या डब्यात तिचे स्क्रू असतात. हिंग कुठे असतो ते अजून कुणाला कळलेलं नाही, पण तिच्या वरणाला किंचित लोखंडी चव येते खरी. 'रक्त वाढते त्यानं,' असं ती ठणकावून सांगते. चांदूर रेल्वेला माझं लग्न लागत असताना जनरेटर बंद पडला, तेव्हा ही बाई हातातल्या अक्षता माझ्या सासऱ्यांच्या ओंजळीत टाकून मांडवामागे गेली ती शेवटच्या मंगलाष्टकाला परत आली. लाइट आले होते. तिने आशीर्वादाला ठेवलेला पाचही बोटांचा काळा ठसा माझ्या बायकोच्या शालूवर अजून आहे. बायकोने तो धुवायचा प्रयत्न केला नाही असं नाही.

आत्या शाळेत गणित शिकवायची. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, असं माझ्या वडिलांनी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "वेळ नाई भेटला दादा, मी पंप खोलून राहिली होती." तिला मैत्रीण एकच. त्याच शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. या बाई दिसायला अगदी चिमणीएवढ्या, बोलायला मऊ, आणि त्यांच्याकडे छर्ऱ्याचं एक पिस्तूल होतं. मुलींना नेमबाजी शिकवायची म्हणून दोघी आधी स्वतः शिकल्या, आणि मुली पास होऊन गेल्या तरी या शिकतच राहिल्या. दर रविवारी आत्याच्या घरामागच्या भिंतीला वाळूची पोती लावून तीस वर्षं त्यांचा हा उद्योग चालला. एकीने नेम धरायचा, दुसरीने मागे उभं राहून चुका काढायच्या, आणि गोळी सुटली की दहा मीटर जाऊन निशाण्याचं कार्ड बदलून यायचं. मग पाळी बदलायची. आत्याचा एवढा मोठा आवाज मी दुसऱ्या कुणापुढे इतका खाली आलेला ऐकला नाही.

चित्रकलेच्या बाई वारल्या. त्यांच्या मागे, मुलींना उपयोगी पडावं म्हणून, आत्याने पिस्तूल शाळेच्या खेळाच्या खोलीत ठेवलं. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत त्या खोलीला आग लागली. शिपायाने आत्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात जे आणून दिलं त्याला पिस्तूल म्हणायला धीर लागत होता. लाकडी मूठ जळून गेलेली, वॉशरची राख, स्प्रिंग तापून लोण्यासारखी मऊ पडलेली, आणि वरून लोखंडी रॅक कोसळल्यामुळे नळी वाकलेली. आत्या ते खोकं मांडीवर घेऊन नागपूरला गेली. तिथल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या वयस्कर कारागिराने नळी उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली.

"मॅडम, ये तो भंगारवाला भी नहीं लेगा."

"मंग तुमी दुकान कशाले उघडलं?" आत्याने विचारलं.

पुण्याच्या एका प्रशिक्षकांना तिने फोटो पाठवले. त्यांनी फार सभ्य भाषेत तेच कळवलं. मी म्हटलं, आत्या, मी तुला नवीन घेऊन देतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा महिनाभर अकोल्याहून फोनसुद्धा जपूनच केला.

त्यानंतर सव्वा वर्ष ती त्या पिस्तुलाच्या मागे होती. स्टोव्हच्या पंपाची चामडी वॉशर कातरून, तेलात भिजवून तिने आत बसवली. चार स्प्रिंगा वाया गेल्या. पाचवी एका जुन्या मोपेडची निघाली, ती मी अकोल्यातल्या लेथवाल्याकडून हवी तेवढी कापून आणली. त्याने विचारलं, कशाला पाहिजे? मी म्हटलं, पिस्तुलाला, तर तो माझ्याकडे पाहून दोन पावलं मागे सरकला. नळी मात्र आत्याने कुणाच्या हाती दिली नाही. दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून रोज जरा जरा ठोकायची, डोळ्याला लावून पाहायची, आणि ठेवून द्यायची. रोज एवढंच. "गणित हाय ते," म्हणायची, "घाई केली की चुकते."

गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "ये रविवारी. झालं."

गेलो तर टेबलावर पिस्तूल ठेवलेलं. मूठ नवी होती, नांदगाव खंडेश्वरच्या आमच्या शेतातल्या जुन्या वखराच्या बाभळीच्या लाकडाची, तासून तुकतुकीत केलेली. मी हातात घेतलं तर माझी दोन बोटं बाहेर राहिली.

"आत्या, लहान झाली मूठ. तुझ्या हातालाही बसायची नाही."

"माह्या हातासाठी नाई केली."

"मग माप कुठलं घेतलंस?"

"माप कशाले लागते? तीस वर्सं तिच्याच हाताकडं पाहून राहिली होती ना मी."

आम्ही मागे गेलो. ती दहा मीटरच्या रेघेवर उभी राहिली, त्या लहान मुठीवर आपला रुंद हात कसाबसा बसवला आणि नेम धरला. पहिली गोळी पोत्यात गेली, दुसरीही. तिसरी कार्डाच्या काळ्या गोलात लागली. आत्याने मान वळवून मागे पाहिलं. मागे मी होतो. तिने पुन्हा पुढे पाहिलं, पिस्तूल शेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि कार्ड आणायला निघाली.

"थांब आत्या, कार्ड मी बदलतो."

"राहू दे बापू. तू आज हायेस, संध्याकाळी अकोल्याले जाशीन. मले सवय होऊ दे."

चपला ओढत ती भिंतीपर्यंत गेली, कार्ड काढून उजेडात धरून पाहिलं, नवं लावलं, परत आली. पुन्हा एक गोळी. पुन्हा तेवढंच अंतर जायचं आणि यायचं. ऊन भिंतीवरून उतरत होतं. माझी गाडी पाचची होती. मी पायरीवर बसून राहिलो, गाडी जाऊ दिली.