डावऱ्याचा माउस
मुलीने आणलेल्या माउसच्या खोक्यावर ‘डावऱ्यांसाठीही सोयीचा’ असं छापलंय. नव्वदीच्या अखेरीस इंदापुरातल्या नव्या कॉम्प्युटर सेंटरात मी डावरा ऑपरेटर होतो; माउसची वायर डावीकडे घेऊन सेटिंगमध्ये बटणं उलटी केली होती. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या आबांनी हळदकुंकू लावलेल्या माउसचं डावं बटण तीनदा दाबलं. स्वागताचं चित्र येईना, नुसती यादी उघडायची. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. मी म्हणालो, “आबा, उजवं दाबा.” “शुभकार्याला डावरं कुणी बसवलं हितं?” आबा हसले, म्हणून सगळेच हसले. ते गेल्यावर मालक म्हणाले, “उद्यापास्नं उजव्या हातानं, न्हायतर घरी.” नोकरी हवी होती, महिनाभरात हात बदलला. काल मुलगी म्हणाली, “बाबा, आता डाव्या हातानं वापरा की!” वापरून पाहिला. जमत नाही.